संक्षेपाचे अर्थकारण

'मु. पो. हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा' या पत्त्यातील आद्याक्षरे कोणाही भाषाप्रेमीस खटकत नाहीत. पत्रारंभीचे 'सा. न. वि. वि.' तर आपण शिष्टाचारच मानतो. मग तरुणांच्या रोमन लिपीतील तुटक मराठीवरच एवढा रोष का?

संक्षेपाचे मूळ बहुधा खर्चात असते. तारेचे मोल शब्दांवर ठरे. २०१३ साली बंद झालेल्या त्या सेवेने आपल्या वाडवडिलांना क्रियापदे गाळावयास शिकविले. मोबाइलच्या एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी चिन्हे अवघी ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात स्वतंत्र गणना होते. मायलिपीवर बसलेला हा एक करच होय! तो चुकविण्यास लोक रोमनकडे वळले, यात नवल ते काय?

आता इंटरनेटवरील संदेशाला अक्षरांचा हिशेब उरला नाही; सवय मात्र उरली. रोमनमध्ये 'वाट' आणि 'वात', 'पण' आणि 'पान' एकरूप होतात. मित्राला संदर्भ ठाऊक असतो. अर्ज वाचणाऱ्या लिपिकाला तो नसतो; लिहिणाऱ्याने वाचविलेले श्रम त्याच्या माथी येतात. विद्यार्थ्यांना दूषणे देण्यापेक्षा देवनागरी टंकलेखन शाळेतच का शिकवू नये?