फाइल पोहोचली; नोंद पोहोचली का?

वडनेर भोलजीची गरोदर माता नांदुऱ्यात रक्त तपासून घेते, प्रसूतीसाठी बुलढाण्याला जाते. अहवालाची फाइल क्लाउडवर चढली, तरी ती बंद गाठोड्यासारखीच. त्यातला आकडा डेटाबेसच्या योग्य रकान्यात उतरला, तरच तिथल्या डॉक्टरांना तो चटकन सापडतो.

हिमोग्लोबिन ६.५ ऐवजी ६५ टंकले गेले, तर मर्यादा ठरवून दिलेली प्रणाली ती ओळ नाकारते. हे योग्यच, पण नाकारलेली ओळ कुणी पाहिली नाही, तर ७ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिनची, म्हणजे तीव्र रक्तक्षयाची माता यादीतून गळते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक नोंदी एका व्यक्तीशी जोडतो, आकडे तपासत नाही. म्हणून नाकारलेल्या ओळी रोज पाहाव्यात. रुग्णाने मूळ कागद जपावा.