गाडीची सर्व्हिसिंग : विश्वास ठेवावा, पण पडताळून

‘विश्वास पानिपतात गेला’ असे मराठीत गमतीने म्हटले जाते. मोटारगाडी सकाळी सर्व्हिसिंगला देऊन संध्याकाळी बिल हातात घेणाऱ्या अनेक गृहस्थांच्या मनात नेमके हेच वाक्य उमटत असते. सकाळी सांगितलेला खर्च एक, संध्याकाळचा आकडा वेगळा आणि मधल्या यादीतील निम्मे शब्द अपरिचित, असा हा अनुभव असतो. डॉक्टरांच्या औषधपत्राप्रमाणेच गाडीच्या दुरुस्तीतही ज्याला ज्ञान आहे तोच सल्ला देतो आणि त्या सल्ल्यावर त्याचेच उत्पन्न अवलंबून असते. त्यामुळे विक्रेत्याच्या अधिकृत सेवा केंद्रावर नेहमीच्या देखभालीसाठी विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

बँकेच्या ग्राहकांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. वाहन कर्ज घेऊन खरेदी केलेली गाडी कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे तारण असते आणि तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंदही असते. गाडीची निगा नीट राखली गेली नाही, तर तारणाचे मूल्य घटते आणि कर्जदाराचेही नुकसान होते. उलट, अनावश्यक कामांवर झालेला खर्च मासिक हप्त्याच्या तोंडचा घास काढून घेतो. समजा, ६ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,६५० रुपये येतो. वर्षातून दोनदा प्रत्येकी ३,००० रुपयांची अनावश्यक कामे बिलात शिरली, तर ५ वर्षांत ३० हजार रुपये, म्हणजे तीन हप्त्यांहून अधिक रक्कम सहज निघून जाते.

दोष माणसाचा की पद्धतीचा?

नव्या गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला सुटणारा नफा तुलनेने मर्यादित असतो. सुटे भाग आणि सर्व्हिसिंग यांवर त्याची बरीच मदार असते. साहजिकच गाडी ताब्यात घेणाऱ्या सल्लागारापुढेही अनेक ठिकाणी मासिक उद्दिष्ट ठेवलेले असते. तो प्रामाणिक असला तरी उद्दिष्टाचे ओझे त्याच्या सल्ल्यावर परिणाम करू शकते.

याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९२ साली कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याने सिअर्स या नामांकित कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांत आपली माणसे ग्राहक म्हणून पाठविली. गरज नसलेली कामे ग्राहकांच्या माथी मारली जातात, असा आरोप त्यानंतर खात्याने ठेवला. तेथील सल्लागारांना कामाच्या विक्रीवर कमिशन मिळत असे. प्रकरण उघडकीस आल्यावर कंपनीने ही पद्धत बंद केली. मोबदला ज्या गोष्टीवर दिला जातो ती गोष्ट वाढते, हा व्यवहारातील जुना नियम येथेही खरा ठरला.

वॉरंटीची धास्ती

अनेक ग्राहक अधिकृत केंद्रात जातात ते विश्वासामुळे नव्हे, तर वॉरंटी रद्द होईल या भीतीपोटी. या भीतीची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली. २०११ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या माहितीवरून आयोगाने चौकशी सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, तसेच दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना न पुरविणे, असे या कंपन्यांचे वर्तन स्पर्धेला बाधक असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला. गाडी एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांसाठी ग्राहक त्याच कंपनीशी बांधला जातो, हे आयोगाच्या विवेचनाचे सूत्र होते.

ग्राहकाच्या दृष्टीने या आदेशातील एक निर्देश विशेष महत्त्वाचा आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजात दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. मात्र बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारणे समर्थनीय ठरू शकते, असा त्याचा आशय आहे. कंपन्यांनी आदेशाविरुद्ध दाद मागितली आणि दंडाचा प्रश्न पुढे अनेक वर्षे न्यायालयीन वादात राहिला. पण सुटे भाग आणि दुरुस्तीची निवड हा ग्राहकाचा विषय आहे, ही जाणीव या प्रकरणाने रुजविली. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे.

रायपूरची हवा, रायपूरचे रस्ते

सल्लागाराने सुचविलेले प्रत्येक जादा काम म्हणजे फसवणूक, असे समजणेही चुकीचे आहे. हे समजून घेण्यासाठी रायपूर हे चांगले उदाहरण ठरावे. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तेथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्या परिसरात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकात दिलेल्या अंतरापूर्वीच धुळीने भरणे अगदी शक्य आहे. मे महिन्याच्या अखेरीस नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्या वेळी कूलंट, बॅटरी आणि एसी यांची कसोटी लागते. त्यानंतर चार महिन्यांचा पावसाळा येतो आणि ब्रेक व वायपर यांच्याकडे लक्ष देणे भाग पडते.

प्रवासाचे स्वरूपही पाहावे लागते. दुर्ग-भिलाईला रोज जाणारी गाडी, जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा वळणावळणांचा घाट चढणारी-उतरणारी गाडी आणि केवळ बाजारापुरती बाहेर निघणारी गाडी यांची झीज सारखी नसते. तात्यापाऱ्यातील किंवा चौबे कॉलनीतील एखादे मराठी कुटुंब लग्नकार्यासाठी सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपूरला निघणार असेल, तर टायर, ब्रेक आणि कूलंट यांची तपासणी करून घेणे हा शहाणपणाच आहे.

बहुतेक कंपन्यांच्या माहिती पुस्तिकेत सामान्य वापरासाठी आणि खडतर वापरासाठी वेगवेगळी वेळापत्रके दिलेली असतात. धूळ, तीव्र उष्णता, वारंवार थोड्या अंतराचा प्रवास, सतत थांबत-चालत जाणारी रहदारी हे सारे खडतर वापरात मोडते. त्यामुळे ‘फिल्टर लवकर बदलावा’ हा सल्ला रायपुरात योग्य असू शकतो. मात्र ज्या फिल्टरबद्दल तो दिला जात आहे, तो फिल्टर डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

वेळापत्रकात नसलेल्या कामांची गोष्ट वेगळी आहे. इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, थ्रॉटल बॉडीची सफाई अशी कामे कधी उपयुक्त असतातही. पण ती गाडीची गरज आहे की केंद्राची, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. दोष दाखवा, मग काम करा, हा साधा नियम पुरेसा आहे. ‘मोफत सर्व्हिस’ या शब्दाविषयीही गैरसमज आढळतो. तेथे सामान्यतः मजुरी मोफत असते. इंजिन ऑइल, फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात.

केव्हा कोठे जावे?

वॉरंटीचा काळ असेपर्यंत वेळापत्रकानुसार अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग करून घेणे सोयीचे आणि वादमुक्त असते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, एअरबॅग, सॉफ्टवेअर यांची कामे तेथेच करावीत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारे फिल्टर असतात. त्यांना ठरावीक प्रतीचेच ऑइल लागते आणि चुकीचे ऑइल महागात पडते. उत्पादनातील दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलाविल्या, तर ती दुरुस्तीही अधिकृत केंद्रातच आणि विनामूल्य होते.

वॉरंटी संपल्यावर ऑइल व फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, व्हील अलाइनमेंट अशी कामे माहितीच्या चांगल्या गॅरेजात करून घेण्यास हरकत नाही. अट एवढीच, की भाग अस्सल असावेत, ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे असावे आणि बिल मिळावे. बिल न देता दोन पैसे वाचविणारा मिस्त्री कितीही कुशल असला, तरी वाद उद्भवल्यास ग्राहकाच्या हाती काही राहत नाही.

गाडीचे पासबुक

बँकेत विश्वास असतो, तरीही प्रत्येक व्यवहाराची नोंद होते. ग्राहक पासबुक पाहतो तेव्हा तो रोखपालावर संशय घेत नसतो. व्यवहार बरोबर झाल्याची खात्री करीत असतो. गाडीचे सर्व्हिस बुक, जॉब कार्ड आणि बिल हे तिचे पासबुकच होय. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. माहिती पुस्तिकेतील वेळापत्रक वाचून, या खेपेस कोणती कामे अपेक्षित आहेत याची यादी घरूनच करून न्यावी.

२. गाडीची तक्रार, किलोमीटरचा आकडा, इंधनाची पातळी आणि खर्चाचा अंदाज जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

३. ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असे जॉब कार्डावर स्पष्ट लिहावे. दूरध्वनीवर संमती दिल्यास लगेच संदेश पाठवून तिची नोंद ठेवावी.

४. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि नव्या भागांची वेष्टने पाहावीत. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. बिलातील भागाची करासह रक्कम तिच्याहून अधिक नसावी.

५. बिलात भाग, ऑइल आणि मजुरी यांच्या रकमा वेगवेगळ्या आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

६. सर्व बिले क्रमाने जपून ठेवावीत. गाडी विकताना ही फाइलच चांगली किंमत मिळवून देते.

तक्रार करावी लागली तर

प्रथम केंद्राच्या व्यवस्थापकाकडे आणि नंतर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. बिल न देणे हीदेखील या कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल होऊ शकते. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात झालेल्या सर्व्हिसिंगबद्दल रायपूरच्या रहिवाशाला रायपुरातच दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही.

अधिकृत केंद्रे सरसकट लुबाडतात असे नाही आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री सरसकट प्रामाणिक असतो असेही नाही. दोन्हीकडे चांगली माणसे आहेत आणि लेखी नोंदींची मागणी करणारा ग्राहक त्यांना अडचणीचा वाटत नाही. अडचण होते ती ज्याला नोंद नको असते त्याची. जॉब कार्ड वाचण्यास फार तर दहा मिनिटे लागतात. हप्ते भरून घेतलेल्या गाडीसाठी आणि तीत बसणाऱ्या आपल्या माणसांसाठी तेवढा वेळ प्रत्येकाने अवश्य काढावा.