वेगाच्या पुढे धावणारे डोळे

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इ. स. पू. १६०० ते इ. स. पू. ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक गावच उजेडात आणले. घरे, चुली, धान्य साठवण्याचे खड्डे, पुरलेल्या माणसांचे सांगाडे असे पुष्कळ काही तेथे मिळाले. तेथल्या एका मातीच्या भांड्यावर बैलगाडीचे चित्रही रेखाटलेले आढळले. त्या काळच्या इनामगावकराचे वाहन म्हणजे ही बैलगाडी.

आता थोडा हिशेब करू. बैलगाडी आपल्या चालीने ताशी सुमारे ४ कि.मी. जाते, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. समोर एकाएकी काही आडवे आले, तर ते डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत निदान ०.२ सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी किती पुढे सरकेल? सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत.

आता दुसरे वाहन घ्या. २०२३ साली इटलीतील मुगेल्लो येथील शर्यतीत ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकी स्वाराच्या मोटारसायकलने ताशी ३६६.१ कि.मी. एवढा वेग गाठला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १०२ मीटर! ०.२ सेकंदात ही गाडी २० मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते. इनामगावच्या गाडीवानाची वीत येथे अख्खी खेळपट्टी झाली. आणखी एक गंमत पाहा. आपल्या हातापायांच्या मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने जातात. म्हणजे ही गाडी स्वाराच्या स्वतःच्या मज्जातंतूंतील संदेशापेक्षाही वेगाने पळत असते!

तीन हजार वर्षांत बैलगाडीची मोटारसायकल झाली, पण माणसाचे डोळे, कान आणि मज्जातंतू जसे होते तसेच राहिले. मग या स्वाराला हे साधते कसे? निसर्गाने त्याला असे काय दिले आहे, की जे तुमच्याआमच्याजवळ नाही?

पट्टीचा प्रयोग

तुम्ही म्हणाल, "सोपे आहे. त्याची प्रतिक्रिया आपल्यापेक्षा फार जलद होत असणार." ही कल्पना आपण तपासून पाहू. त्यासाठी ३० सें.मी.ची एक पट्टी पुरे.

मित्राला पट्टीचे वरचे टोक धरून ती उभी लोंबती ठेवायला सांगा. तुम्ही अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेजवळ, पट्टीला स्पर्श न करता, उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती पकडावी. पट्टी जितके सेंटिमीटर घसरली त्यावरून वेळ काढता येतो. अंतराची (मीटरमध्ये) दुप्पट करा, तिला ९.८ ने भागा आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढा. पट्टी २० सें.मी. घसरली, तर उत्तर सुमारे ०.२० सेकंद येईल. १५ सें.मी. असेल, तर ०.१७५ सेकंद. वर्गातल्या दहाबारा मुलांवर हा प्रयोग करा. बहुतेकांची उत्तरे याच्याच आसपास आढळतील. थोड्या सरावाने एकदोन सेंटिमीटर कमी होतील, पण पट्टी कधीच ५ सें.मी.वर पकडली जाणार नाही.

मोठ्या खेळाडूंची गोष्ट वेगळी असेल काय? पीटर मॅकलाउड या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे क्रिकेटच्या फलंदाजांवर तपासले. मॅटिंगच्या खाली बारीक दांड्या ठेवून टप्पा पडताच चेंडू अनपेक्षितपणे वळेल अशी व्यवस्था त्याने केली. कसलेले व्यावसायिक फलंदाजसुद्धा चेंडू वळल्यानंतर सुमारे ०.२ सेकंदापर्यंत बॅटची दिशा बदलू शकले नाहीत. म्हणजे आकस्मिक घटनेला उत्तर देण्याच्या बाबतीत निष्णात खेळाडू आणि तुमची पट्टी पकडणारी बोटे यांत फारसा फरक नाही.

पण खऱ्या सामन्यात हेच फलंदाज वेगवान गोलंदाजी लीलया खेळतात! ताशी १४० कि.मी. वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतच फलंदाजापर्यंत पोहोचतो. याच मॅकलाउडने मायकेल लँड याच्याबरोबर २००० साली फलंदाजांच्या नजरेची नोंद केली. फलंदाज चेंडूचा सतत पाठलाग करत नाही, असे त्यात दिसले. हातातून सुटणारा चेंडू तो पाहतो आणि मग त्याची नजर उडी मारून टप्पा जेथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेते. तो चेंडूच्या मागे नसतो, पुढे असतो.

मोटारसायकलस्वाराचे रहस्यही येथेच आहे.

नजर कोठे असते?

नवशिका स्वार समोरच्या चाकापुढचे चारपाच मीटर पाहतो. खड्डा दिसला की दचकतो, वळण आले की मग वळतो. कसलेला स्वार वळणात शिरण्यापूर्वीच वळणाची आतली कड आणि त्यापलीकडे बाहेर पडण्याची जागा पाहून ठेवतो. लँड आणि त्याच्या सहकाऱ्याने १९९४ साली मोटारचालकांवर प्रयोग केले. वळणावर चालकांची नजर रस्त्याची आतली कड जेथे सर्वांत पुढे आलेली दिसते त्या बिंदूवर जाते, आणि तीही चाक वळवण्याच्या एकदोन सेकंद आधी. पुढे २००१ साली एका शर्यतीच्या मोटारचालकाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याची मान रस्ता वळण्याच्या आधीच वळत असे. सारा मार्ग त्याच्या स्मरणात कोरलेला होता.

याचा अर्थ ०.२ सेकंदाची उणीव स्वार वेगाने भरून काढत नाही, तर अंदाजाने भरून काढतो. आणि अंदाज हा जन्मतः मिळत नसतो. हजारो वेळा पाहिलेल्या, केलेल्या आणि चुकलेल्या गोष्टींचा तो साठा असतो. अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू, सरावाने पक्क्या झालेल्या हालचाली आपल्याकडे घेतो. मग हात, पाय, ब्रेक, गिअर यांचा विचार करावा लागत नाही, आणि मन पुढच्या वळणासाठी मोकळे राहते.

तोल आणि फसवणारा कान

निसर्गाच्या देणग्या मात्र कमी महत्त्वाच्या नाहीत. पहिली देणगी तोलाची. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की डोके फिरल्याचे मेंदूला कळते. त्यांच्याजवळच्या दोन पिशव्यांत बारीक कणांचा थर असतो. तो गुरुत्वाकर्षणाने ज्या बाजूला ओढला जाईल ती बाजू मेंदू 'खाली' मानतो.

आता वळणावर काय होते ते पाहा. वळणाऱ्या गाडीला आत खेचणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांतील घर्षणातून मिळते. तोल राहावा म्हणून स्वार आतल्या बाजूला झुकतो. झुकण्याच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन्जंट) काढायची, तर वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागावे. तुम्ही सायकलवरून सेकंदाला ५ मीटर वेगाने १० मीटर त्रिज्येच्या वळणावर गेलात, तर सुमारे १४ अंश झुकता. जागतिक शर्यतीतील गाड्या ६० अंशांहूनही अधिक झुकतात. ढोबळ हिशेबाला ६० अंश धरले, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी सुमारे १०५ कि.मी. येतो आणि स्वाराला आपले वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. हा दुप्पट भार त्याच्या डोक्याकडून बैठकीकडे, म्हणजे झुकलेल्या गाडीच्याच दिशेने असतो. त्यामुळे कानातले कण मेंदूला सांगतात, "आपण अगदी सरळ बसलो आहोत!"

कान असा फसवत असताना खरे सांगतात ते डोळे. म्हणून शर्यतीतील स्वार अंग झुकवूनही डोके जमेल तितके क्षितिजाशी सरळ ठेवतात. डोळे मिटून एका पायावर उभे राहून पाहा (शेजारी मित्राला उभे करा), म्हणजे तोलात डोळ्यांचा वाटा किती मोठा ते कळेल. स्पेनचा मार्क मार्केझ हा २०२५ पर्यंत नऊ वेळा जगज्जेता झालेला स्वार. २०११ मधील अपघातानंतर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, आणि २०२१ व २०२२ मध्येही हा त्रास उलटला. हात, पाय, अनुभव, धैर्य सारे जागेवर होते, पण दोन डोळ्यांची चित्रे एकत्र जुळेपर्यंत त्याला शर्यतीपासून दूर राहावे लागले.

दुसरी देणगी स्पर्शाची. बोटांच्या त्वचेतील काही संवेदक सेकंदाला दोनतीनशे वेळा होणारे अतिशय सूक्ष्म कंपही ओळखतात. टायर घसरू लागण्याच्या बेतात आहे हे स्वाराला मुठी, पावले आणि बैठक यांतून कळते.

तिसरी देणगी दमाची. चाळीसएक मिनिटांच्या शर्यतीत हृदयाचे ठोके मिनिटाला १६० ते १८० पर्यंत जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली तेव्हा उकाड्यामुळे फेऱ्या कमी कराव्या लागल्या, तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच शरीरातले पाणी कमी झाल्याने गळून गेला. शरीर हलके असले तर फायदाच, पण तेही सर्वस्व नव्हे. दानी पेद्रोसा अवघा १६० सें.मी.च्या आसपास, तर व्हॅलेंटिनो रॉसी १८० सें.मी.हून उंच, आणि नऊ जगज्जेतेपदे मिळवली ती रॉसीने.

तेव्हा सारांश असा. निरोगी कान, डोळे, त्वचा आणि हृदय ही नैसर्गिक देणगी पाहिजेच, पण ती पुष्कळांजवळ असते. शिकण्याचा वेगही सर्वांचा सारखा नसतो, ही कदाचित सर्वांत मोठी देणगी. परंतु तिला सराव लागतो. रॉसी आणि मार्केझ दोघेही अगदी लहानपणापासून, बंद मैदानावर, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली गाडी चालवायला शिकले.

आपल्या रस्त्यावर

आता पुन्हा घोड नदीच्या काठी येऊ. ऊसतोडीच्या हंगामात शिरूर आणि दौंड तालुक्यांतील रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, कधी उभ्याही असतात. मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसेल, तर मंद दिव्याच्या मोटारसायकलला ती ट्रॉली कदाचित ३० मीटरवर दिसते. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पट्टी पडणार हे तुम्हाला ठाऊक होते, म्हणून ०.२ सेकंद पुरला. रस्त्यावर अकस्मात काही दिसले, तर ते ओळखणे, ठरवणे आणि ब्रेक दाबणे यांत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ ते २५ मीटर पुढे जाते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. बेरीज कमीत कमी ३७ मीटर. ट्रॉली ३० मीटरवर आहे!

हे गणित जगज्जेत्यालाही चुकवता येत नाही. शर्यतीच्या मार्गावर सारे ओळखीचे असते. समोरून वाहन येत नाही, कडेला घसरून थांबायला मोकळी जागा असते. त्याची मोठी शक्ती म्हणजे अंदाज, आणि अंधारातली ट्रॉली, वळणावरची वाळू, आडवे आलेले वासरू यांचा अंदाज कोणालाच येत नाही. म्हणून तेथे एकच उपाय उरतो : जेवढे अंतर दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना कायद्याने १८ वर्षांनंतर मिळतो. तोपर्यंत सायकलवर नजर पुढे ठेवण्याचा सराव करा. आणि घरातले कोणी गाडी काढत असेल, तर त्याच्या हातात आधी हेल्मेट द्या, मग पट्टी घेऊन त्याचाही प्रतिक्रियेचा वेळ मोजा. आलेला आकडा त्याला स्वतःलाच वाचून दाखवायला सांगा.