खरखर आणि जवारी

‘दादा, या रविवारी येऊनच जा. एक तर तो डबा घराबाहेर जाईल, नाही तर अण्णा जातील!’ धाकट्या भावाचा असा फोन आला तेव्हाच प्रकरण साधं नाही हे ध्यानात आलं. डोंबिवलीहून बदलापूर लोकल पकडली. कल्याण मागे पडलं की पुढचंच स्टेशन विठ्ठलवाडी. घराचा जिना चढण्याआधीच ‘डबा’ ऐकू आला.

डबा म्हणजे पुतण्याने शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेला जुना गिटार ॲम्प्लिफायर. त्याचा आवाज ज्यांनी ऐकला नसेल, त्यांनी शेकडो गांधीलमाश्या एका सुरात गाताहेत अशी कल्पना करावी. अण्णांची तक्रार मात्र मोठ्या आवाजाची नव्हती. त्यांचं आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. ‘लोक रेडिओ आणायचे ते खरखर काढून द्या म्हणून. चाळीस वर्षं तेच केलं. आणि आमचा नातू खरखर विकत आणतो!’

प्रश्न बिनतोड होता. पण जगात ही खरखर आवडीची झाली तीही मोडतोडीतूनच. १९५१ साली अमेरिकेत मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला होता, असं सांगतात. आवाज फाटका आला आणि तोच लोकांना भावला. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला. त्याच शहरात जिम मार्शल या ड्रमवादकाच्या दुकानातून १९६२ पासून मार्शल ॲम्प्लिफायर बाहेर पडू लागले होते. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने आवाज वाढवणारे टप्पे एकापुढे एक जोडले, आणि ‘हाय गेन’ नावाचा प्रकार रुळला.

हे ‘गेन’ म्हणजे काय? तारेचा कंप विजेच्या लहरीत उतरतो. पहिला व्हॉल्व्ह ती लहर मोठी करतो, दुसरा आणखी मोठी, तिसरा त्याहून मोठी. शेवटी लहर इतकी उंच होते, की व्हॉल्व्हच्या छताला तिचा माथा घासतो आणि सपाट होतो. या सपाट झालेल्या लहरीतून मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर जन्मतात. तीच ती खरखर. शिवाय तार विझत आली तरी लहर छताला टेकलेलीच राहते, म्हणून स्वर लांबतो. तंतुवाद्याला जणू सनईचा दमसास मिळतो.

पुतण्याच्या डब्यावर बटणंही पुष्कळ. ‘काका, हा स्वीच आवाजाची जात बदलतो, आणि ही बटणं नुसती चव,’ तो म्हणाला. मला उमगलं ते असं : फोडणीत घातलेलं तिखट वेगळं आणि वरून पेरलेलं वेगळं. माथा कापला जाण्याआधी खर्जाचा भाग थोडा गाळला, तर खरखर घट्ट आणि नेमकी येते. तो तसाच आत सोडला, तर सैल आणि घोंगावणारी. ही झाली फोडणी. बेस, मिडल, ट्रेबल ही त्याच्या डब्यावरची बटणं नंतर येतात. ती वरून पेरायची.

हे ऐकताना माझी नजर कोपऱ्यातल्या गवसणीकडे गेली. आत आईचा तंबोरा, मिरजेचा. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात ही कारागिरी रुजली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागिराचं सगळ्यांत नाजूक काम कोणतं? जवारी! घोडीचा माथा कानसीने असा हलकेच घासायचा, की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा शिवत राहील. खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. जवारी खुली ठेवायची की बंद, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर. तारेत एरवी दबून राहणारे वरचे स्वर त्यातून झणकारू लागतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर निबंध लिहिला. नेहमीच्या नियमाने जे उपस्वर उमटूच नयेत तेही तंबोऱ्यात उमटतात, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे अण्णा, आईच्या तंबोऱ्यातही मुद्दाम घातलेली खरखरच होती की!

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, ‘तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो. याच्या डब्यात काय बोलतं?’

पुतण्याने दोनच तारा छेडल्या, षड्ज आणि पंचम. आणि खाली, कोणीही न वाजवलेला खर्जाचा षड्ज घुमला! दोन लहरी एकत्र कापल्या गेल्या की त्यांच्या कंपसंख्येतल्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. षड्ज-पंचमात तो बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज असतो. मग त्याने गंधार मिळवला, तर सगळा चिखल झाला. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि ही खरखर तेवढंही खपवून घेत नाही. म्हणून असे वादक बहुतेक वेळ षड्ज-पंचमावरच राहतात. तंबोराही बहुधा त्याच दोन स्वरांत लावतात.

‘आत व्हॉल्व्ह कोणता आहे?’ अण्णांनी विचारलं.

‘ट्वेल्व्ह एएक्स सेव्हन.’

‘म्हणजे आमचा ईसीसी त्र्याऐंशी! मागचं झाकण उघडू नकोस हो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात.’

तेव्हा मुलाने मनातलं सांगितलं. मित्रांबरोबर वाजवताना त्याची गिटार कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून तो गेन वाढवत जातो. अण्णा उठले, चष्मा लावून बटणांपाशी वाकले. मिडल शून्यावर होतं.

‘अरे, रेडिओवर बातम्या कशा ऐकू येतात? माणसाचं बोलणं मधल्या पट्टीत असतं. तीच पट्टी तू काढून टाकलीस. खोलीत एकट्याला भारदस्त वाटतं. ढोलक्यांत बुडून जातं.’ त्यांनी मिडल सहावर नेलं, गेन नवावरून पाचावर आणलं. आवाज लहान झाला, पण एकेक तार सुटी ऐकू आली. मुलगा बघतच राहिला.

वेळ ठरली : संध्याकाळी सात ते आठ, खिडक्या लावून. शेजाऱ्यांनाही कान असतात.

निघताना अण्णांनी गवसणी काढायला लावली. किती वर्षांनी! एक तार छेडली. आवाज मुका आला. ‘जवारी उतरली आहे,’ ते नातवाला म्हणाले. आता पुढच्या महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने दोघे तंबोरा घेऊन मिरजेला निघालेत. मध्यस्थ म्हणून मला कोणी बोलावलेलं नाही.