अडगळींतला सर्व्हर आणि घरचें दप्तर

गेल्या चातुर्मासांत पुतण्यानें आपल्या ऑफिसांतून मोडींत निघालेला एक सर्व्हर घरीं आणला, तेव्हां "हें धूड ठेवायचें कुठें?" असा वहिनींनीं रास्तच प्रश्न केला. पण त्याआधींच्या वर्षीं तीर्थरूपांच्या हस्तलिखित पोथ्यांचीं छायाचित्रें जिच्यावर होतीं, ती एकुलती एक डिस्क अकस्मात् बंद पडली होती. मूळ पोथ्या वाळवीनें केव्हांच खाल्लेल्या. भाचीच्या फोनमध्यें निम्मीं पानें निघालीं, तेवढींच उरलीं. म्हणून मीं सर्व्हरची बाजू घेतली.

यंत्रांत आठ डिस्का होत्या, प्रत्येकी २ टेराबाइटची. तीन तपासणींत नापास झाल्या, त्या बदलल्या. दोन डिस्कांइतकी जागा राखीव ठेविल्यामुळें वापरास सुमारें १२ टेराबाइट उरतात, व कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी मजकूर शाबूत राहतो. मात्र यालाच बॅकअप समजणें ही भूल होय. चुकून पुसलेली फाइल आठही डिस्कांवरून एकदमच जाते.

मजकूर सांभाळण्याचें काम झेड-एफ-एस ही प्रणाली करिते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें २००५ सालीं ती सर्वांस खुली केली. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा पडताळा-अंक ती वेगळा टिपून ठेविते, आणि वाचतांना तो जुळला नाहीं तर राखीव जागेच्या आधारें तुकडा दुरुस्त करिते. मला तत्काळ घनपाठ आठवला! पदें उलटसुलट म्हणण्याची ती परिपाटी, एक स्वरही ढळूं नये म्हणूनच ना? जुनें रेड कार्ड बाजूस सारून डिस्का या प्रणालीस थेट दाखविण्यांत पुतण्याचे दोन रविवार गेले.

पंख्यांचा घोष असह्य, आणि वीज सुमारें १५० वॅट. अखंड चालविल्यास महिन्यास १०८ युनिटें! म्हणून तो केवळ रविवारीं तीन तास चालतो. आठवड्यास अर्धें युनिटही लागत नाहीं. शिवाय बंद यंत्रापर्यंत खंडणीखोर विषाणूचा हात पोहोंचत नाहीं. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय'नें जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या. सदैव जोडलेली प्रत अशा वेळीं मूळ फायलींबरोबरच सांपडते.

गेल्या महिन्यांत मीं शिक्षकी हट्टानें परीक्षा घेतली. "पोथ्यांचें एक पान परत काढून दाखव." पुतण्यानें बराच वेळ शोधलें आणि ओशाळून सांगितलें, "काका, तो फोल्डर यादींत घालायचाच राहिला." त्याच रात्रीं तो घातला. आतां एक प्रत नाशिकास लेकीकडे असते. दिवाळीस येतांना ती डिस्क आणिते व जातांना दुसरी घेऊन जाते.