पिकअप रोज गोकुळ शिरगावजवळच का थांबायची?

मैत्रिणींनो, गाडीची दुरुस्ती हा काही आपल्या पानांवरचा विषय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मीही परवापरवापर्यंत तसंच म्हणत होते. पण ज्या घराची चूल गाडीच्या चाकांवर पेटते, त्या घरात गाडी बंद पडली की काय होतं, ते ज्यांच्या घरी रिक्षा, टेम्पो किंवा पिकअप आहे त्यांना सांगायला नको.

आमच्या ह्यांची एक पिकअप आहे. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातून कास्टिंगचा माल उचलायचा आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पोचवायचा, हा रोजचा धंदा. दिवसाला दोन खेपा. गाडीचा हप्ता, मुलांच्या फिया, किराणा, सगळं त्यातूनच. गेल्या श्रावणात ह्या गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी दारातून झोकात निघायची आणि अर्ध्या वाटेत अंग टाकायची. आधी ओढ कमी व्हायची, मग इंजिन बंद. समोर इंजिनाचं पिवळं चित्र लागलेलं. अर्धा तास कडेला उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही!

नेहमीच्या गॅरेजवाल्यानं आधी डिझेल फिल्टर बदलला. त्यात गैर काही नव्हतं. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरतं आणि असा त्रास होतो, तेव्हा स्वस्तातली तपासणी आधी करावी हे बरोबरच. पण गुण आला नाही. मग म्हणाला, टाकीतला पंप गेला. साडेचौदा हजार गेले. दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा हायवेच्या कडेला! तेव्हा तो म्हणाला, "ईसीएम गेला असणार, पन्नास हजारांची तयारी ठेवा." ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू. त्या रात्री मी कपाटातून पाटल्या काढून उशाशी ठेवल्या. भिशीचा नंबर लागायला अजून तीन महिने होते आणि माल वेळेवर पोचत नाही म्हणून कारखान्यानं दुसरा टेम्पो बघायला सुरुवात केली होती. हे काही बोलत नव्हते, पण जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे.

झोप येईना म्हणून मी हिशेबाची वही घेऊन बसले. मला सवय आहे, प्रत्येक खेपेची निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि डिझेल मी लिहून ठेवते. फोनवरून हे "आता इथं थांबलोय" म्हणाले की तेही टिपते. बघते तर काय, पहिल्या खेपेला गाडी दरवेळी पंचवीस-तीस मिनिटांनी, गोकुळ शिरगावच्या आसपासच थांबलेली. दुसऱ्या खेपेला त्याहून लवकर. आणि ज्या तीन दिवशी पावसानं झोडपून काढलं होतं, त्या दिवशी ती एकदाही थांबली नव्हती! मला एकदम आमचा मिक्सर आठवला. पुरणाचं वाटण चाललं की तापून बंद पडतो, जरा निवला की चालतो.

उद्यमनगरातच गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मामा आहेत. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर मीही गेले, वही घेऊन. मामांनी पानं उलटली आणि म्हणाले, "वहिनी, ही वही आधीच का न्हाई दाखवलासा? गार गाडी तपासून काय उपेग!"

त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. जुन्या पिकअपना डिझेलचा सगळा कारभार यांत्रिक असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहाचे नियम आले, त्याच्या आधीपासूनच हा कारभार विजेच्या हाती जात होता. आमच्या गाडीत टाकीतला पंप डिझेल पुढं ढकलतो आणि त्या पंपाला वीज किती द्यायची हे एक छोटी पेटी ठरवते. तिला हुकूम मिळतो ईसीएमकडून. सगळ्याच गाड्यांत अशी वेगळी पेटी नसते, कुठं नुसता रिले असतो, कुठं ईसीएमच ते काम करतो. आमची पेटी चासीला, मागच्या चाकापाशी. म्हणजे सगळा चिखल तिच्यावर!

मामांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पंपाच्या सर्किटचा. गॅरेजवाल्यालाही हाच कोड आला असणार आणि त्यानं सरळ पंप बदलला. पण कोड फक्त गल्ली सांगतो हो, घर आपण शोधायचं. म्हणून मामांनी माल भरलेलीच गाडी फिरवली, ती बंद पडेपर्यंत. बंद पडल्यावर तिथंच मीटर काढला. पेटीत बॅटरीची वीज येते का? येते. नुसता आकडा बघून ते थांबले नाहीत, बल्ब लावून भार टाकूनही बघितला. अर्थिंग ठीक? ठीक. ईसीएमचा हुकूम पोचतो? पोचतो. पेटीतून पंपाकडे वीज निघते? नाही! मग पंपाला बॅटरीची वीज थेट दिली, तर तो घूं करून फिरला. आत येतंय सगळं, बाहेर काही जात नाही, म्हणजे दोष पेटीतच. ईसीएमचा काही संबंध नाही.

पेटी उतरवली तेव्हा तिच्यामागे चिखलाचा बोटभर जाड थर वाळून बसला होता. पेटीतली उष्णता तिच्या धातूच्या पाठीतून चासीत आणि वाऱ्यात जायची असते, तिथं हे गोधडी पांघरून बसलेलं! कनेक्टरच्या पिनांवर हिरवी पूड. देवाच्या तांब्याच्या भांड्यांवर चढते ना, तशीच.

बदलताना मामांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पेटीवरच्या चिकटपट्टीचा नंबर नव्या पेटीशी आकड्याला आकडा जुळवला, कारण दिसायला सारख्या पेट्या आतून वेगळ्या असतात. पिना साफ केल्या, गंजलेले बोल्ट नवे घातले, बसायची जागा खरवडली. पेटी नऊ हजारांना पडली. ईसीएमच बदलायचा असता तर त्यात आपल्या गाडीची माहिती आणि किल्लीची ओळख भरून घ्यावी लागते, भंगारातला आणून नुसता जोडला तर गाडी बहुधा सुरूच होत नाही. म्हणून स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हणालं तर जपा.

आता तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर मीटर हातात घ्यायला मी सांगत नाही. विजेचं आणि इंधनाचं काम जाणकारानंच करावं. पण गाडी कधी, किती वेळानं, गार असताना की तापल्यावर बंद पडली, हे लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. "हा भाग गेलाय हे कशावरून ठरवलंत?" एवढं विचारा. विजेचे भाग दुकानदार बहुधा परत घेत नाहीत, तेव्हा हा प्रश्न बिल होण्याआधी विचारायचा. नंबरासह पक्कं बिल घ्या आणि काढलेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचाच असतो. जुनी गाडी विकत घेत असाल, आणि आपल्या भागात तर २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांनी पाहिलेत, तर सीटखालचे आणि चासीवरचे कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. रंग कितीही नवा असो, हिरवी पूड लपत नाही.

पाटल्या कपाटात गेल्या. कारखान्याचं काम राहिलं, मात्र एक खेप त्यांनी दुसऱ्या टेम्पोला दिली ती दिलीच. गॅरेजवाल्याकडून जुना पंप मागून आणला, मामांनी तपासला, धडधाकट निघाला. साडेचौदा हजार मात्र परत आले नाहीत. तो पंप आता आमच्या माळ्यावर पाटा-वरवंट्याशेजारी आहे. हे म्हणतात भंगारात घालू. मी म्हणते, राहू दे, पुढं लागला तर घरचाच आहे.