रबराच्या बागेतील फॉर्मिक आम्ल : साठवण, वापर आणि दक्षता

काजूच्या अथवा आंब्याच्या झाडावर चढणाऱ्यास तांबड्या मुंग्या, ज्यांना आपल्याकडे हुमले म्हणतात, कशा भंडावून सोडतात हे गोमंतकात कोणास सांगावयास नको. चावा घेतल्यावर त्या जागी जी आग होते, ती मुंगीने जखमेत सोडलेल्या आम्लामुळे होते. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल मिळविले आणि पुढे लॅटिन भाषेतील मुंगीच्या नावावरून त्यास फॉर्मिक आम्ल हे नाव पडले. मुंगीच्या पोटात ते थेंबाच्याही अंशाने असते. आज मात्र हेच आम्ल कारखान्यात तयार होऊन मोठमोठ्या कॅनमधून येते आणि सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील, तसेच सीमेपलीकडील दोडामार्ग व सावंतवाडी भागांतील रबराच्या बागांत पोहोचते. कातडी कमावणे, कापड रंगविणे अशा उद्योगांतही त्याचा उपयोग होतो. परंतु तेथे कामगारांवर देखरेख करणारा कोणी तरी असतो. लहान बागायतदाराच्या घरी तसा कोणी नसतो, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

रबराच्या झाडाचा चीक गोळा केल्यावर तो गाळून, त्यात पाणी मिसळून अॅल्युमिनियमच्या पसरट भांड्यांत ओततात आणि त्यात फॉर्मिक आम्लाचे अत्यंत पातळ द्रावण घालतात. त्यामुळे चीक साकळतो व त्याची लादी रोलरमधून काढून शीट तयार होते. येथे लागणारे द्रावण साधारणतः अर्धा ते एक टक्का इतकेच तीव्र असते. या द्रावणापासून विशेष धोका नसतो. धोका आहे तो ज्या कॅनमधून ते बनविले जाते त्या कॅनमध्ये, कारण बाजारात मिळणारे आम्ल बहुधा ८५ टक्के किंवा त्याहून अधिक तीव्र असते. भांड्यातील पातळ द्रावणात रोज हात घालूनही काही होत नाही, या अनुभवाने माणूस निर्धास्त होतो आणि तीच निर्धास्त वृत्ती कॅनशी वागतानाही ठेवतो. बहुतेक अपघातांचे मूळ येथे आहे असे आम्हास वाटते.

तीव्र आम्ल त्वचेवर पडल्यास खोलवर भाजते. एवढेच नव्हे, तर ते त्वचेतून रक्तात शोषले जाते. मोठ्या भागावर सांडल्यास रक्तातील आम्लता वाढून मूत्रपिंडांवरही परिणाम होऊ शकतो. डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो. त्याच्या वाफेने नाक, घसा व फुप्फुसे होरपळतात. आठ तास काम करण्याच्या जागी हवेच्या दहा लाख भागांत या वाफेचे पाचाहून अधिक भाग असू नयेत, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. नाकाला रुमाल बांधल्याने ही वाफ अडत नाही, हेही येथे सांगून ठेवणे इष्ट. (विषारी दारूने माणसे आंधळी होतात त्यामागेही हेच आम्ल असते. अशा दारूतील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते.)

आता द्रावण बनविण्याविषयी. प्रथम पाणी मोजून घ्यावे आणि मगच त्यात आम्ल हळूहळू सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये, कारण उष्णता निर्माण होऊन तीव्र आम्ल अंगावर उडण्याचा धोका असतो. एक लिटर पाण्यात ८५ टक्क्यांचे १० मिलिलिटर आम्ल मिसळले असता सुमारे एक टक्क्याचे द्रावण होते. अंदाजाने धार सोडण्याची सवय टाकून मोजपात्र वापरावे. आम्ल जास्त पडल्याने शीटचा दर्जाही बिघडतो, म्हणजे नुकसान दुहेरीच. हे काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करावे. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, हातांत रबरी किंवा निओप्रीनचे लांब हातमोजे, पुढे रबरी एप्रन आणि पायांत गमबूट असावेत. पहाटे चीक काढावयास जाणारे कामगार पुष्कळदा अनवाणी असतात. त्यांच्याकडून तीव्र आम्लाची ने-आण करवून घेऊ नये.

सर्वांत घातक चूक म्हणजे थोडे आम्ल पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणे. फॉर्मिक आम्ल पाण्यासारखेच स्वच्छ व रंगहीन असते. उन्हातून दमून आलेला मनुष्य अथवा खेळून आलेले मूल बाटली तोंडाला लावण्यापूर्वी वास घेत नाही. केरळात, जेथे रबराची लागवड फार मोठी आहे, हे आम्ल पोटात गेलेले रुग्ण रुग्णालयांना परिचित आहेत. त्यांत चुकून प्यालेले असतात, तसेच निराशेच्या भरात घेतलेलेही असतात. कोट्टयम येथील डॉक्टरांनी १९८५ साली दुसऱ्या प्रकारच्या ५३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. यासाठी कॅन राहत्या घरात न ठेवता स्वतंत्र खोलीत कुलपाखाली ठेवावा, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि गरजेपेक्षा अधिक साठा करू नये.

ही खोली कोणती असावी, याचा विचार पुष्कळ ठिकाणी होत नाही. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून कॅन धुरीघराच्या कोपऱ्यात ठेवलेला दिसतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. ज्या तापमानास या आम्लाची वाफ ठिणगीने पेट घेते, ते तापमान शुद्ध आम्लासाठी सुमारे ६९ अंश सेल्सियस आहे. ९० टक्क्यांच्या आम्लासाठी ते ५० अंशांच्या आसपासही नोंदले गेले आहे. शीट वाळविताना धुरीघरात ४० ते ६० अंशांपर्यंत उष्णता असते आणि खाली लाकडे पेटलेली असतात. वाफ हवेहून जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत सरकते, म्हणजेच जाळाकडे. एरवी उघड्या माळावर सहजी न पेटणारे आम्ल येथे पेटू शकते. आग लागलीच तर कोरड्या रासायनिक पावडरचे अग्निशामक वापरावे किंवा दुरून पाण्याचा फवारा मारावा. पाणी पुरेसे मिसळले की हे आम्ल जळत नाही.

कॅन जाड पॉलिथिनचाच असावा. लोखंडी डबा अथवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली आम्ल खाऊन टाकते आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. अतितीव्र आम्ल उष्णतेत ठेवल्यास त्याचे संथपणे विघटन होऊन कॅनमध्ये वायूचा दाब वाढतो. कॅन फुगलेला दिसल्यास त्यावर वाकून झाकण उघडू नये. तोंड दूर ठेवून ते थोडे थोडे सैल करावे.

याहून भयंकर प्रकार म्हणजे बॅटरीच्या आम्लाचा रिकामा कॅन यासाठी वापरणे. बॅटरीत गंधकाम्ल असते. तीव्र गंधकाम्ल फॉर्मिक आम्लातील पाण्याचा अंश ओढून घेते आणि मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे ज्या वायूने दगावतात तोच हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. गंधकाम्ल स्वस्त पडते म्हणून काही जण चीक साकळण्यासाठी तेही आणतात. त्याने शीट खराब होते हे तर आहेच, पण दोन्ही आम्ले एका खोलीत शेजारी शेजारी आली म्हणजे केव्हा तरी एकाचे नरसाळे दुसऱ्यात जाते. शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटही या दृष्टीने एकदा तपासावे.

वाहतुकीच्या संबंधात अधिकाऱ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट. टँकरवर वा कॅनवर १७७९ हा क्रमांक असल्यास आत ८५ टक्क्यांहून तीव्र, म्हणजे दाहक आणि शिवाय ज्वालाग्राही असे आम्ल आहे असे समजावे; ३४१२ हा क्रमांक १० ते ८५ टक्क्यांच्या आम्लाचा. किरकोळ विक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निर्देशांनुसार आम्ल विकत घेणाऱ्याचे छायाचित्रासह ओळखपत्र पाहणे, कारण विचारणे व नोंदवहीत नोंद करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते विकता येत नाही.

आम्ल सांडल्यास लोकांना दूर करून त्यावर माती किंवा वाळू पसरावी, मग चुनखडीची भुकटी अथवा धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकावा. फेस येतो, घाबरू नये. लाकडाचा भुसा वापरू नये. ते पाणी कुळागराच्या पाटात वा विहिरीजवळ जाऊ देऊ नये.

अंगावर आम्ल पडल्यास कपडे तत्काळ काढून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे भाग धुवावा. तेल, तूप, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यांत गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याची धार सोडावी. रुग्ण ओरडला तरी थांबू नये. यासाठी द्रावण बनविण्याच्या जागी पाण्याने भरलेले पिंप आधीच तयार असावे. वाफेने गुदमरलेल्यास मोकळ्या हवेत आणून बसते करावे. पुष्कळदा फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. आम्ल पोटात गेले असल्यास चूळ भरवावी, पण उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिकेस पुन्हा भाजते. मिठाचे पाणी वा सोडा पाजू नये. १०८ क्रमांकास फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि कॅनवरील चिठ्ठी, किंवा तिचे मोबाईलवर घेतलेले छायाचित्र, रुग्णाबरोबर रुग्णालयात पाठवावे.